येझदीच्या सीटची पट्टी घरी बनवतोय, मागच्या वळणावर पत्रा चुण्या धरतो. काय करू?

तापीकाठचा | ९ जानेवारी, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

वडिलांची येझदी मोटरसायकल आठ वर्षं खळ्यात कडब्याखाली पडून होती. दिवाळीत बाहेर काढली. चोपड्याच्या मिस्तरीनं इंजिन जागं केलं, टाकी-मडगार्डला रंग झाला, किकच्याच दांड्यानं गिअर पडतात हे पाहून भाच्याची करमणूकही झाली. आता गाडी अडलीय सीटवर. फोम-रेक्झिनचं काम जळगावात एका दिवसात होतं, त्याची चिंता नाही. अडलंय ते सीटच्या खालच्या कडेच्या चमकत्या पट्टीशी.

टाकीच्या मागून निघते, सीटच्या कडेनं जाते, मागून वळसा घालते आणि दुसऱ्या बाजूनं परत टाकीपाशी येते, ती पट्टी. वडील दर रविवारी चिंधी नि राखुंडी घेऊन तिला घासत बसायचे. गाडीवर चिखल चालेल, पट्टीवर बोटाचा ठसा चालायचा नाही. ती कुठे गेली हे घरात कुणी कबूल करत नाही. भंगारवाला आला होता आणि आई सावद्याला गेली होती, एवढंच कळतं.

आतापर्यंतचे उद्योग असे. आधी टाईल्सच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची टाईल बीडिंग आणली. सरळ भागात अशी बसली की मीच माझी पाठ थोपटली. मागच्या वळणावर कट्‌ असा आवाज आला आणि दोन तुकडे. मग १.२ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतला, ३२ मिमी रुंद पट्टी कापून आणली आणि एमआयडीसीतल्या बेंडिंगवाल्याकडून काटकोनात दुमडून घेतली. २२ मिमी दर्शनी बाजू, १० मिमी आत जाणारी दुमड. सीटच्या मागे धरून वळवायला गेलो तर दर्शनी बाजू वळते, पण आतली दुमड कपड्यासारखी चुण्या धरते आणि पट्टी वर-खाली मुरडते.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो. तोवर गाडी पुरी करायची आहे. कुणी हे केलंय का?

चाळीसगाव_पॅसेंजर | ९ जानेवारी, रात्री ११:०५

भाऊ, तयार मिळते की ऑनलाइन. एवढी डोकेफोड कशाला?

तापीकाठचा | ९ जानेवारी, रात्री ११:२०

मागवली होती. दोन्ही टोकांना मिळून बोटभर कमी पडली, आणि तिचं मागचं वळण गोल आहे, आमच्या सीटचा पत्रा मागे जरा चपटा. येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. आता जो तो आपल्या हाताशी असलेल्या सीटवरून नमुना काढतो, आणि ती सीट चाळीस वर्षांत किती जणांच्या वजनानं पसरलेली असते देव जाणे. परत पाठवली.

पत्रेवाला_धुळे | १० जानेवारी, सकाळी ७:१५

आग्रा रोडवर ट्रकच्या बॉडीचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. मोटरसायकलच्या चार-पाच पट्ट्या केल्या आहेत. सांगतो ते ऐका.

पहिली चूक, तुम्ही माप सीटवरून घेतलं. गादी दाबली की माप बदलतं. रेक्झिन काढा, फोम काढा, खालचा लोखंडी पत्रा उघडा करा. पट्टी त्या पत्र्याची असते, गादीची नसते. पत्रा पालथा करून प्लायवर ठेवा, पेन्सिल फिरवा, आणि त्या रेषेत रेक्झिनची जाडी वाढवा. रेक्झिन पत्र्याच्या कडेवरून आत दुमडलं जातं, म्हणजे ते पट्टीच्या आत येणार. हे विसरलं तर पट्टी अंगाला न येणाऱ्या शर्टासारखी होते.

आणि डावी बाजू काढून तीच उलटवून उजवी करू नका. दोन्ही वेगळ्या काढा. साइड स्टँडवर उभी राहिलेली, एकाच बाजूनं टांग टाकून बसलेली गाडी असते ती. एक सूत तरी फरक निघेल.

दुसरं. दुमड आधी करून मग वळवायचं असेल तर दुमडीला व्ही आकाराचे काप द्यावेच लागतात. वळणाच्या आतल्या बाजूला जास्तीचा पत्रा जाणार कुठे? त्याला जागा नाही म्हणून तो चुण्या धरतो. कापाचं टोक दुमडीच्या रेषेला भिडू द्यायचं नाही, दीड मिमी अलीकडे थांबायचं आणि टोकाला २ मिमीचं भोक मारायचं. नाहीतर पट्टी चमकवायला घ्याल तेव्हा बाहेरून चीर दिसेल.

साचा लाकडाचा. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून केला तरी चालतो.

भुसावळ_यार्ड | १० जानेवारी, सकाळी ९:३०

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे भगोणं. आज चमकेल, पावसाळ्यात राखाडी पडेल, गुडघा लागला की पोचा येईल. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील घ्या, २० गेज. एकदा लावलं की नातू घासेल. आणि घेताना चुंबक लावून बघा, चिकटलं नाही म्हणजे ३०४.

पत्रेवाला_धुळे | १० जानेवारी, दुपारी १:५०

यार्डसाहेब, २० गेज म्हणजे ०.९ मिमी. त्या जाडीचं ३०४ हातानं साच्यावर वळवून दाखवा, चहा माझ्याकडून. सोडलं की परत उघडतं, म्हणून साचा मापापेक्षा लहान करावा लागतो, किती लहान ते दोन पट्ट्या वाया घालवल्यावर कळतं. आणि जितकं ठोकाल तितकं ते कडक होत जातं. मशीन असेल तर स्टीलच करावं, त्यात वाद नाही. घरच्या ओट्यावर करणाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियम घ्यावं.

चुंबकाचं मात्र सोडा. २०२ नंबरच्या हलक्या स्टेनलेसला पण चुंबक चिकटत नाही. निकेल कमी, मँगनीज जास्त, दिसायला सख्खा भाऊ, आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके. उलट चांगलं ३०४ वाकवलं की वाकवल्या जागी चुंबक थोडा ओढतो आणि माणूस म्हणतो मला फसवलं. भंगारवाल्याकडे तपासायच्या लिक्विडची बाटली असते, २०२ वर थेंब लाल होतो. ती परीक्षा खरी.

भुसावळ_यार्ड | १० जानेवारी, दुपारी २:१०

बाटलीचं माहीत नव्हतं. मान्य. अ‍ॅल्युमिनियम भगोणंच आहे यावर मी ठाम.

निवृत्त_गणित | १० जानेवारी, सायंकाळी ६:००

मी अमळनेरला अडतीस वर्षं गणित शिकवलं. मोटरसायकल चालवत नाही, पण हा प्रश्न आवडला.

काप किती द्यायचे याचा अंदाज नको, हिशोब आहे. समजा मागचं वळण ११० मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ आहे. बाहेरची कड ३.१४ × ११०, म्हणजे सुमारे ३४५ मिमी. दुमड १० मिमी आत येते, तिची आतली कड १०० मिमी त्रिज्येची, म्हणजे ३१४ मिमी. फरक ३१ मिमी. एवढी लांबी जास्तीची आहे आणि तीच चुण्या होऊन बाहेर येते.

आता गंमत पाहा. त्रिज्या ११० ऐवजी १५० घ्या, फरक तेवढाच येतो, कारण तो ३.१४ × दुमडीची रुंदी इतकाच आहे. धागाकर्त्यांच्या सीटचं वळण चपटं आहे म्हणतात. तरीही बेरीज तीच. पट्टी एका बाजूनं जाते आणि उलट दिशेनं परत येते, म्हणजे एकूण १८० अंश वळते, मग ती गोल वळो की चपटी. चपट्या वळणात फक्त जागा बदलते. कोपऱ्यांत काप दाट आणि मधल्या सपाट भागात विरळ.

म्हणजे ३-३ मिमी रुंदीचे दहा काप, वर थोडी सूट. दुमड ८ मिमीच ठेवली तर २५ मिमीत काम भागेल.

पत्रेवाला_धुळे | १० जानेवारी, रात्री ८:४५

मास्तर, मी दहाच काप देतो. का ते आज कळलं.

कळण्याची_भाकर | १० जानेवारी, रात्री ९:१०

भाऊ, हाई काम सोपं नही शे. मी तं म्हणस रेडियमची पट्टी चिकटाडी दे आनि फिर.

शहाद्याची_ताई | ११ जानेवारी, सकाळी ११:२५

एक बाईमाणसाची सूचना. मागे बसणारीची साडी नेमकी त्या पट्टीवर येते. आमच्याकडे दिरांनी अशीच हौसेनं पट्टी लावली होती. खालच्या दुमडीचे काप कानसनं न घासता तसेच सोडले. सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, घोडे बघून झाले, उतरताना सासूबाईंच्या लुगड्याचा काठ त्या कापात अडकला आणि टर्रकन वीतभर फाटला. पैठणी नव्हती एवढंच नशीब. त्याच यात्रेत खोगीरवाल्यांकडे पाहिलं, पितळेची प्रत्येक पट्टी कडेला आत वळवलेली, बोट कुठूनही फिरवा. घोड्याच्या कातडीला लागू नये म्हणून करतात. माणसासाठी पण करावं.

तापीकाठचा | ११ जानेवारी, दुपारी ३:००

ताई, लिहून ठेवलं. काप झाले की आधी कानस, मग ४०० चा पॉलिश पेपर, मग आईचा जुना पदर फिरवून पाहीन. अडकला तर परत कानस.

तापीकाठचा | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

हालहवाल.

रेक्झिन-फोम काढलं. पत्रेवाला दादा, नमस्कार घ्या. उजवी बाजू डावीपेक्षा ४ मिमी खाली झुकलेली निघाली. पत्रा कुजलेला नाही, पण मागच्या खाचेत पाणी साचून गंज धरला होता. तो घासून रेड ऑक्साईड मारला आणि पाणी निघायला दोन भोकं पाडली.

साचा झाला. सुताराकडून प्लाय कापून घेतला, कड मी कानसनं मापाला आणली. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. पट्टी कापली त्याला अर्धा तास.

पहिली पट्टी जाळली. पत्रा नरम करायचा म्हणून शेजारच्या वेल्डरकडे गेलो. तो म्हणाला लाल झाली की सांगतो. लाल झालीच नाही. पांढरीच्या पांढरी होती आणि एकदम मेणबत्तीसारखी खाली गळाली.

पत्रेवाला_धुळे | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:००

अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही भाऊ. ६६० अंशाला वितळतं, त्याच्या आधी उजेडात काही रंग दाखवत नाही. लोखंडवाला माणूस इथेच फसतो.

कपडे धुवायच्या साबणाची वडी घ्या. जिथे वळवायचं आहे तिथे कोरड्या पट्टीवर साबणाची रेघ ओढा. मागच्या बाजूनं गॅसची नरम ज्योत फिरवत ठेवा, एका जागी धरू नका. रेघ आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी पडते. काळी पडली की ज्योत बाजूला. गार होऊ द्या, पाण्यात बुडवली तरी चालतं. आता ती पट्टी हातात लोण्यासारखी वागेल. वळवताना मध्येच परत कडक लागायला लागली तर पुन्हा साबण, पुन्हा ज्योत.

पूर्ण पट्टी नरम करू नका. वळणाचाच भाग. सरळ बाजू कडकच राहू द्या, नाहीतर यार्डसाहेबांचं भगोणं होईल.

ठोकायला लोखंडी हातोडा नको. लाकडी घ्या, किंवा रबरी. मधोमध साच्याला पट्टी आवळायची आणि मधून दोन्ही बाजूंना सारखं सारखं जायचं. एका टोकाकडून सुरू केलं की दुसऱ्या टोकाला पट्टी सरकलेली असते.

तापीकाठचा | १६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

जमली!

साबणाची युक्ती म्हणजे जादू आहे. नऊ काप कोपऱ्यांत दाटीनं, दोन मध्ये, मास्तरांच्या हिशोबानं. साच्यावर वळवताना काप एकेक करून मिटत गेले, जणू दाराच्या फटी बंद होत आहेत. एकही चुणी नाही.

मग घासणं. ४००, ८००, १२००, २००० असे पेपर, पाण्यासोबत, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेनं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. ४०० वर जेवढा कंटाळा केला तो शेवटी आरशात दिसला. परत ४०० वर गेलो. शेवटचा बफ भांडी पॉलिश करणाऱ्याकडून मारून घेतला. तो म्हणे क्रोम का नाही करत? क्रोमवाल्याकडे विचारलं तर तो अ‍ॅल्युमिनियम बघूनच नाही म्हणाला. त्यावर आधी जस्ताची वेगळी प्रक्रिया करावी लागते, नाहीतर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. बरंच झालं. वडिलांना घासायला काहीतरी हवं.

बसवताना दुमडीतून आणि सीटच्या पत्र्यातून ४ मिमीचे अकरा बोल्ट, खालून. दर्शनी बाजूला एकही भोक नाही. सगळे करकचून आवळले.

चाळीसगाव_पॅसेंजर | १६ फेब्रुवारी, रात्री १०:००

मी ऑनलाइन घे म्हणालो होतो ते शब्द मागे. फोटो भारी.

कळण्याची_भाकर | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

वा रे पठ्ठ्या! आते बामणोदना वांगा आन, भरीत कर.

बुलेट_पारोळा | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

हीच पट्टी जरा वर उचलून मागे धरायचा दांडा म्हणून करता येईल का? एका दगडात दोन पक्षी.

पत्रेवाला_धुळे | १७ फेब्रुवारी, दुपारी २:१५

नाही. ही शोभेची पट्टी. १.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमला धरून मागचा माणूस खड्ड्यात लटकला तर पट्टी त्याच्या हातात आणि तो रस्त्यावर. धरायचा दांडा फ्रेमला बोल्ट होतो, सीटच्या पत्र्याला नाही. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या गाडीला कायमची धरायची पकड, पाय ठेवायला जागा आणि अर्धं चाक झाकणारी जाळी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमात आहे. ताईंनी सांगितलेला साडीचा विषय त्या जाळीसाठीच.

तापीकाठचा | १४ मे, दुपारी ४:१०

मंडळी, धागा वर काढतोय. गडबड झाली.

आठवडाभर पारा ४४-४५ वर आहे. गाडी दुपारभर बँकेबाहेर उन्हात होती. परत आलो तर डाव्या बाजूला, जिथे दोन बोल्टमध्ये सर्वांत जास्त अंतर आहे, तिथे पट्टी बाहेर फुगलेली. दोन-तीन मिमी. सीटला हात लावला तर चटका बसला. संध्याकाळी गार झाल्यावर फुगा बसला, पण पूर्ण नाही. मापात काय चुकलं?

निवृत्त_गणित | १४ मे, सायंकाळी ५:३०

मापात काही चुकलं नाही. तापमानाचा विचार राहिला, आणि तो माझ्याही लक्षात आला नाही.

अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे ०.०२३ मिमी वाढतं, लोखंड ०.०१२. तुमची पट्टी पसरून पावणेदोन मीटरच्या आतबाहेर असेल. बसवली फेब्रुवारीच्या रात्री, समजा २० अंशांवर. काळी सीट उन्हात ७० ला सहज जाते. ५० अंशांचा फरक. पट्टी सुमारे दोन मिमी वाढली, खालचा लोखंडी पत्रा एकच मिमी. राहिलेला मिमी बोल्टनं अडवलेला. त्याला बाहेर यायला एकच वाट होती.

एक मिमी जास्तीच्या लांबीला तीन मिमीचा फुगा कसा, असं वाटेल. दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधा आणि तिची लांबी केसभर वाढवा. झोल केसभर नसतो.

पत्रेवाला_धुळे | १४ मे, रात्री ९:००

माझी चूक, मी सांगायला हवं होतं. ट्रकच्या बॉडीला आम्ही हे न विचारता करतो.

मागच्या वळणाच्या मधोमध एकच भोक गोल ठेवा. ती पट्टीची खुंटी. बाकी सगळी भोकं कानसनं लांबट करा, साडेचार बाय सात मिमी, लांबी पट्टीच्या दिशेनं. वायसर मोठा घाला. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला घ्या आणि पट्टी हातानं जोर लावून सरकेल इतपतच आवळा. नायलॉक असल्यामुळे सैल ठेवला तरी गळून पडत नाही. पुढची दोन्ही टोकं टाकीखाली मोकळी राहू द्या.

आणखी एक. अ‍ॅल्युमिनियम थेट लोखंडाला लावलंय का? मध्ये रबर घाला. नाहीतर धुण्याचं पाणी अडकलं की दोन धातूंत झटापट सुरू होते आणि आधी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते. सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टी करा, चार आण्याचं काम.

भुसावळ_यार्ड | १५ मे, सकाळी १०:००

स्टील कमी वाढतं हे इथे नमूद करू इच्छितो. ३०४ चं ०.०१७ आहे. बाकी चालू द्या.

तापीकाठचा | २८ मे, रात्री ८:५०

भोकं लांबट केली, ट्यूब घातली. ट्यूबमुळे आवाजही गेला. आधी दुसऱ्या गिअरमध्ये एक बारीक किणकिण यायची, मी ती सायलेन्सरची समजत होतो. काल मुद्दाम दुपारी बारा ते तीन गच्चीसमोर उन्हात उभी केली. पट्टी दोन्ही टोकांना टाकीखाली किंचित पुढे सरकली, फुगा नाही. संध्याकाळी परत जागेवर. खडूनं खूण करून पाहिलं.

तापीकाठचा | जुलैचा दुसरा रविवार, रात्री ११:३०

गाडी गेली आणि आली. जळगावातून नऊ जावा-येझदी होत्या, आमची धरून. धुराबद्दल शेजाऱ्यांची माफी मागून झाली आहे.

सकाळी निघण्याआधी वडिलांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि गाडी समोर लावली. त्यांनी चष्मा लावला. इंजिनबद्दल काही विचारलं नाही, रंगाबद्दल नाही. अंगठा पट्टीच्या एका टोकाला ठेवला आणि सगळा वळसा फिरवून दुसऱ्या टोकापर्यंत आणला. मग म्हणाले, "उजवीकडे सूतभर खाली आहे."

मी सांगायला लागलो की पत्राच तसा झुकलाय, दोन्ही बाजू वेगळ्या काढल्यात वगैरे.

म्हणाले, "आधीपण होती."

शहाद्याची_ताई | सोमवार, सकाळी ९:४०

पदर फिरवून पाहिला होता ना?

तापीकाठचा | सोमवार, सकाळी १०:०५

आईनं स्वतः फिरवला. दोनदा अडकला, दोनदा कानस मारली, तिसऱ्यांदा पास.

बुलेट_पारोळा | सोमवार, दुपारी १:१५

साचा ठेवलाय का? माझ्या मामांची येझदी आहे, उसना मिळाला तर बरं होईल.

पत्रेवाला_धुळे | सोमवार, दुपारी १:४०

मामांच्या सीटचा पत्रा आधी उघडा करून साच्यावर ठेवून बघा. बसला तर मला सांगा, मला नवल वाटेल.

तापीकाठचा | सोमवार, दुपारी २:००

पलंगाखाली आहे, न्यायला या. दादा म्हणतात तसं कड घासावी लागेल, प्लाय जाड आहे, घासायला भरपूर आहे. फक्त भरीत मागू नका, वांगी डिसेंबरात.